बी.कॉम. झालात, हिशेब मागायला शिकलात का?

बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमधून एकच प्रश्न फिरू लागतो. पोराला आता कुठे टाकायचे? सायन्स झेपत असेल तर सायन्स, नाहीतर बी.ए. करून स्पर्धा परीक्षा, आणि यापैकी काहीच जमत नसेल तर ‘टाका बी.कॉम.ला’! अलीकडे त्यात बीबीएची भर पडली आहे. पण ‘टाका’ हा शब्द काही बदललेला नाही. जागा मिळते, शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो, तीन वर्षांनी पदवी हातात पडते आणि मुलगा एखाद्या दुकानात बिले फाडायला बसतो. मग बाप म्हणतो, बी.कॉम. करून काय झाले? शेजारचे ऐकतात आणि पुढच्या वर्षी आपल्या पोराला दुसरीकडे टाकतात.

आमचे म्हणणे या ‘टाकण्या’विरुद्ध आहे. वाणिज्य शाखेत जे अर्थशास्त्र आणि वित्त शिकवले जाते, ते उरलेल्यांनी शिकायचे विषय नव्हेत. आपला समाज पिढ्यानपिढ्या ज्या व्यवहारात नागवला गेला, त्या व्यवहाराची ती भाषा आहे. ती भाषा ज्यांना येत होती त्यांनी वह्या लिहिल्या, ज्यांना येत नव्हती त्यांनी त्या वह्यांवर अंगठे उठवले. आज आपल्या लेकरांना ती भाषा शिकण्याची संधी चालून आली असताना ती ‘मोस्ट इम्पॉर्टंट’ प्रश्नांच्या गाइडमध्ये घालवणे समाजाला परवडणारे नाही.

हे आम्ही हवेत बोलत नाही. आपल्या वऱ्हाडाचाच इतिहास पाहा. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला, तो काही येथल्या जनतेच्या कल्याणासाठी नव्हे. त्यांची नजर येथल्या काळ्या जमिनीवर आणि कापसावर होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या भागातल्या कापसाला ‘उमरा’ म्हणत. हे नाव अमरावतीच्या जुन्या ‘उमरावती’ या नावावरून पडले होते. रेल्वे आली, १८६७ पर्यंत ती नागपूरला पोहोचली. पण युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईत शेअरचा फुगा फुटला, बँक ऑफ बॉम्बेसारखी बँक बुडाली आणि इकडे तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेला कास्तकार सावकाराच्या दारात उभा राहिला.

आता विचार करा, त्या सगळ्या साखळीत आपली माणसे कुठे होती? वावरात वेचणीला होती, सालदार म्हणून राबत होती, जिनिंगमध्ये सरकी-रुईच्या धुळीत होती, बाजारात गाठोडी उचलत होती. भाव ठरवणाऱ्यांत, माप करणाऱ्यांत, हुंडी लिहिणाऱ्यांत ती कुठेच नव्हती. कारंजा येथे १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगायलाही हवे. परंतु त्या बाजाराचा कारभार मुख्यतः व्यापाऱ्यांच्या हाती राहिला, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. घाम एकाचा आणि खातेवही दुसऱ्याची, ही व्यवस्था अशी जुनी आहे.

ही व्यवस्था ज्या एका माणसाने मुळापासून समजून घेतली, तो माणूस अर्थशास्त्राचा विद्यार्थी होता. बाबासाहेब म्हटले की आपल्यासमोर संविधान येते, महाडचे तळे येते, दीक्षाभूमी येते. पण १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते मुख्यतः अर्थशास्त्र शिकायला. १९१५ साली त्यांनी एम.ए. केले आणि त्याच काळात ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था यावर प्रबंध लिहिला. पीएच.डी.चा प्रबंध ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता आणि तो १९२५ साली पुस्तकरूपाने आला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. डी.एस्सी.चा प्रबंध म्हणजे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’.

हे शिक्षण सुखासुखी झालेले नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालय! म्हणजे आज बी.कॉम.च्या वर्गात जो अर्थशास्त्राचा तास असतो, तसाच तास बाबासाहेब घेत होते. तेथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पगारातून पै-पै बाजूला टाकून, नवल भथेना या मित्राकडून उसने घेऊन आणि शाहू महाराजांच्या मदतीने १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. पुढे १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. ज्या नेत्याने आपल्या समाजासाठी वाणिज्य महाविद्यालय उभे केले, त्याच्याच अनुयायांनी वाणिज्य शाखेला उरलेल्यांची शाखा म्हणावे काय?

बाबासाहेबांनी रिझर्व्ह बँक स्थापन केली, असे आपल्याकडे दर १४ एप्रिलला ऐकू येते. नेमके काय झाले ते माहीत असावे. भारतीय चलनासंबंधी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे १९२५ साली त्यांनी साक्ष दिली. आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. ज्या चर्चेतून ही बँक जन्माला आली त्या चर्चेत एक अस्पृश्य समाजातला अर्थतज्ज्ञ आपले शास्त्र घेऊन उभा होता, ही गोष्ट पुरेशी मोठी आहे. ती फुगवायची गरज नाही. गरज आहे ती त्यांचे पुस्तक उघडण्याची. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणे मालिकेच्या सहाव्या खंडात हे सारे अर्थशास्त्रीय लेखन आहे. आपल्यातल्या किती बी.कॉम. पदवीधरांनी तो खंड हातात घेतला आहे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

त्या पुस्तकात आपल्या कामाचे काय आहे? एकच मुद्दा घेऊ. रुपयाची किंमत घसरली की निर्यात करणाऱ्याला फायदा होतो, म्हणून रुपया स्वस्त ठेवा, असे त्या काळी व्यापारी वर्ग म्हणत होता. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? रुपया घसरला की वस्तूंचे भाव आधी चढतात आणि मजुरी मागाहून चढते. मधल्या काळात मजुराच्या ताटातले जे कमी होते, तोच व्यापाऱ्याचा नफा. म्हणजे चलनाचा प्रश्न हा वेचणीला जाणाऱ्या बाईच्या भाकरीचा प्रश्न झाला! आज बी.कॉम.च्या पुस्तकात ‘विनिमय दर’ नावाचा धडा असतो. तो पाठ करून बारा गुण मिळवता येतात, आणि तोच धडा असा वाचला तर आपल्या आईच्या मजुरीचा अर्थ लागतो.

अशाच रीतीने पदवीचा एकेक विषय घेऊन पाहू.

पहिल्या वर्षी व्याज शिकवतात. सरळव्याज, चक्रवाढव्याज. शाळेपासून कंटाळा आलेला विषय. आता गावाकडचा व्यवहार घ्या. पावसाळ्यात घरात दाणा नसला की सवाईने ज्वारी आणायची, म्हणजे एक पोते घेतले तर सुगीला सव्वा पोते द्यायचे. वाटते, पाव पोत्याचाच तर प्रश्न आहे. पण पाच महिन्यांत २५ टक्के म्हणजे वर्षाच्या हिशेबाने ६० टक्के व्याज झाले. दिढीने आणली तर १२० टक्के! सावकार शेकडा ५ रुपये महिना म्हणतो, तेही वर्षाला ६० टक्केच. ‘पाच’ म्हटले की थोडे वाटते, ‘साठ’ म्हटले की डोळे उघडतात. एवढा गुणाकार घरात कोणी करून दाखवला असता तर किती एकर वावर वाचले असते?

सावकार जुना झाला म्हणावे तर आता वस्तीत फायनान्स कंपन्यांचे हप्ते आले आहेत. एखाद्या गटातल्या बाईने ३० हजार रुपये घेतले, दर सांगितला १२ टक्के ‘फ्लॅट’, मुदत दोन वर्षे. व्याज झाले ७,२०० रुपये, एकूण परतफेड ३७,२०० आणि महिन्याचा हप्ता १,५५०. ऐकायला सोपे आहे. पण दर हप्त्याला मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ३० हजारांवर धरले जाते. घटत्या शिल्लक रकमेवर हिशेब मांडला तर खरा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. हे गणित वित्ताच्या पेपरात येते. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून सूक्ष्म कर्जासाठी नियम केले. कर्जदाराला त्याला समजेल अशा भाषेत दराचा व आकारांचा तक्ता द्यायचा आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे मासिक हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ द्यायचे नाहीत. नियम चांगला आहे. पण तो तक्ता हातात घेऊन ‘हा दर फ्लॅट आहे की घटत्या शिल्लकेवर?’ असे विचारणारे माणूस वस्तीत असल्याशिवाय नियमाचा उपयोग काय? ते माणूस म्हणजे आपली बी.कॉम.ला असलेली मुलगी.

सावकारीचेही तसेच. २०१४ साली राज्यात सावकारी नियमनाचा नवा कायदा आला. सावकाराने परवाना घेतला पाहिजे, हिशेब ठेवला पाहिजे, कर्जदाराला पावती दिली पाहिजे. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेल्या जमिनीबाबत जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पण अर्जासोबत किती घेतले, किती दिले, कधी दिले याची तारीखवार मांडणी लागते. खतावणी करायला शिकलेल्या मुलाला हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. न शिकलेल्याला तेवढ्यासाठी दहा चकरा माराव्या लागतात.

दुसरा विषय परिव्यय लेखांकन, म्हणजे उत्पादनखर्च काढणे. वर्गात साबणाच्या नाहीतर खुर्च्यांच्या कारखान्याची उदाहरणे देतात. अकोल्यात कृषी विद्यापीठ असताना, आजूबाजूला पांढरे सोने पिकत असताना, कापसाचे उदाहरण का देऊ नये? हमीभाव ठरवताना कृषी मूल्य आयोग खर्चाचे वेगवेगळे प्रकार धरतो. बियाणे, खत, फवारणी, मजुरी असा हातचा खर्च म्हणजे ‘ए-टू’. त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत मिळवली की ‘ए-टू अधिक एफएल’. स्वतःच्या जमिनीचे खंड आणि भांडवलावरचे व्याज धरले की ‘सी-टू’. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली, तेव्हा दीडपट नेमकी कोणत्या खर्चाची, यावरच सारा वाद होता. सरकारने ‘ए-टू अधिक एफएल’ धरले, शेतकरी संघटना ‘सी-टू’ मागत होत्या. हा वाद राजकारणाचा वाटतो, पण तो सरळ परिव्यय लेखांकनाचा धडा आहे. आपल्या अनेकांकडे दोन-चार एकर कोरडवाहू आहे, अनेकांकडे तेही नाही. ज्याच्याकडे जमीन नाही त्याची मजुरी दुसऱ्याच्या खर्चात मोडते. दोन्ही बाजूंचा हिशेब कळल्याशिवाय आपली भूमिका ठरणार कशी? बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला तेव्हा हेच सांगितले होते. नुसत्या जमिनीच्या आकाराकडे पाहू नका, तिच्यावर भांडवल किती आहे आणि किती माणसांचा भार आहे ते पाहा, आणि जादा हातांना उद्योगात काम द्या. वऱ्हाडाने ते अजून पुरते ऐकलेले नाही.

आंतरराष्ट्रीय व्यापाराचा धडा दूरचा वाटतो. परंतु अमेरिकेने भारतीय मालावर जबर शुल्क लावल्याच्या काळात, १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ही सवलत पुढे डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत वाढवली. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा हा हेतू. पण हे दिवस आपला कापूस घरात येण्याचे! शुल्क उठले की कोणाचा फायदा, कोणाचा तोटा, हे आकृती काढून शिकवणारा धडा पुस्तकात आहे. त्या हंगामात वऱ्हाडातल्या किती वर्गांमध्ये तो या उदाहरणासह शिकवला गेला असेल?

आता सर्वांत महत्त्वाचा विषय, सार्वजनिक वित्त. सरकारचा पैसा कुठून येतो, कुठे जातो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे ११.८ टक्के आहे. अकोला जिल्ह्यात ती २० टक्क्यांच्या आसपास आणि अमरावती जिल्ह्यात साडेसतरा टक्क्यांच्या घरात जाते. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवावा, या तत्त्वावर १९७९-८० पासून विशेष घटक योजना सुरू झाली. कागदावर निधी राहतो. पुढे काय होते? २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीत या निधीतले ७०० कोटींहून अधिक रुपये स्पर्धांच्या कामाकडे वळवल्याचे उघड झाले. आपल्या राज्यात मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटींहून अधिक रुपये वळवले गेले, तेव्हा त्या विभागाच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळू नयेत असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न असा आहे की एका गरिबाच्या ताटातले काढून दुसऱ्याच्या ताटात वाढायचे, याला न्याय म्हणायचे काय? वसतिगृहाचे, शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत म्हणून आपण मोर्चे काढतो. मोर्चा हवाच. पण अर्थसंकल्पातला मागणी क्रमांक, मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे चार आकडे शेजारी-शेजारी मांडून दाखवणारा कार्यकर्ता मोर्चात असला तर मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. घोषणा विसरता येते, आकडा विसरता येत नाही.

बाबासाहेबांनी प्रांतिक वित्तावर प्रबंध लिहिला तो याचसाठी, पैसा कोणी गोळा करायचा आणि खर्चाचा अधिकार कोणाचा, हे समजण्यासाठी. संविधान सभेत १९४९ साली महालेखापरीक्षकाविषयी बोलताना त्यांनी हा संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत मांडले होते. राष्ट्रपती नव्हे, सेनापती नव्हे, हिशेब तपासणारा! बी.कॉम.च्या अंकेक्षणाच्या पहिल्या तासाला हे सांगितले पाहिजे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण नोकरीचे काय? प्रश्न रास्त आहे. बाजार जातीपलीकडे गेला आहे, असे आम्ही सांगणार नाही. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अटवेल यांच्यासोबत केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे वेगळी ठेवली. दलित वाटणाऱ्या नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश निघाली. पदवी सारखी, गुण सारखे, तरीही हे असे! भेदभाव आहे हे आपल्याला अनुभवाने माहीत होते. पण तो आकड्यात मोजून जगापुढे ठेवायला अर्थशास्त्र शिकलेला आपला माणूस लागला. हेच थोरात २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्याच दशकात डॉ. भालचंद्र मुणगेकर मुंबई विद्यापीठाचे आणि डॉ. नरेंद्र जाधव पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, दोघेही नियोजन आयोगावर गेले. तिघेही अर्थशास्त्राचेच. हा योगायोग नव्हे.

बी.कॉम. झालेल्याला दारे पुष्कळ आहेत. बँकांच्या परीक्षा आहेत. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यापासून लहान दुकानदारालाही विवरणपत्रे भरून देणारा माणूस लागतो. सनदी लेखापालाच्या म्हणजे सी.ए.च्या अभ्यासक्रमाला बारावीनंतर फाउंडेशन देऊन जाता येते, आणि ५५ टक्के गुणांनी बी.कॉम. झालेल्याला फाउंडेशन न देता थेट पुढच्या टप्प्यावर नोंदणी करता येते. ही गोष्ट आपल्या वस्तीतल्या कितीजणांना कोणी सांगितली? व्यापाऱ्याच्या पोराला ती न सांगता कळते, कारण त्याच्या घरी दर मार्चला सी.ए. येऊन बसतो.

खरी अडचण येथे आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण पदवीचाच भाग झाले आहे. ज्याच्या मामाची पेढी आहे, काकाचे सी.ए. ऑफिस आहे, तो तेथे जाऊन बसेल. ज्याचे कोणी नाही तो कोऱ्या प्रमाणपत्रावर सही आणि शिक्का शोधत फिरेल. संधीची समानता कागदावर राहते ती अशी. बीबीएचेही नीट समजून घ्यावे. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीत आले, राज्यात त्यासाठी सीईटी सुरू झाली आणि अनेक महाविद्यालयांनी नाव बदलून तोच अभ्यासक्रम बी.कॉम.च्या छत्राखाली आणला. तेव्हा प्रवेश घेताना इमारतीकडे पाहू नका. मान्यता कोणाची, एकूण शुल्क किती, शिष्यवृत्ती लागू होते की नाही, हे तीन प्रश्न लेखी विचारा. वित्त शिकायला निघालेल्याने पहिला करार तरी वाचूनच सही करावी.

आणि वर्गात काय चालते? चालते असे म्हणणेही अनेक ठिकाणी धाडसाचे आहे. मुले सकाळी दुकानात, दुपारी कुठल्या गोदामात, परीक्षेच्या आधी आठ दिवस गाइड. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, पोट आहे. पण मग जो थोडा वेळ हाती आहे तो कशाला द्यायचा, हे ठरवावे लागेल. टॅलीचा क्लास जरूर करावा, त्याने काम मिळते. मात्र टॅली नोंद करायला शिकवते. ती नोंद तशी का, आणि तिच्यामागे काय लपवले आहे, हे शिकवत नाही. ते ताळेबंद वाचण्यातून येते. इंग्रजी शब्दांची भीती वाटते त्यांनी ‘डेप्रिसिएशन’ म्हणजे घसारा, ‘लायबिलिटी’ म्हणजे देणे, ‘सरप्लस’ म्हणजे शिलकी हे आपल्या भाषेत पक्के करावे, इंग्रजी मागाहून येते. मराठीतून शिकल्याने हिशेब चुकत नाही.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत, त्यांना पैसा फारसा लागत नाही. बँका, विमा, कोषागार, लेखापरीक्षण या खात्यांतून निवृत्त झालेले आपले कितीतरी बांधव अमरावतीत आणि अकोल्यात आहेत. त्यांनी रविवारी दोन तास विहारात बसून बी.कॉम.च्या मुलांना ताळेबंद शिकवावा. ज्यांची स्वतःची कर सल्लागाराची कार्यालये आहेत त्यांनी दरवर्षी वस्तीतली दोन मुले प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला घ्यावीत, आणि त्यातली एक मुलगी असावी. मुलांनी आपल्या वस्तीतल्या बचत गटांची पुस्तके लिहून द्यावीत. सहाव्या खंडातले एक प्रकरण महिन्याला वाचावे. जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागावा, आणि तो बी.कॉम.च्या मुलांनी लावावा. दुसऱ्यांना हिशेब मागायचा तर आपला आधी दिला पाहिजे.

आणि एक काम तर याच वर्षी सुरू करता येईल. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातली १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायची असते. गावचे स्वतःचे उत्पन्न ८ लाख असेल तर ही रक्कम १ लाख २० हजार होते. ती कशावर खर्च झाली? रस्त्याच्या खडीवर, की वस्तीतल्या मुलांच्या अभ्यासिकेवर? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होते. जमाखर्च मागण्याचा अधिकार प्रत्येक गावकऱ्याला आहे, आणि दिला नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. चांदूर बाजार, दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, पातूर, कोणत्याही तालुक्यातल्या गावचा बी.कॉम.चा विद्यार्थी असो, त्याने वही-पेन घेऊन ग्रामसभेत जावे, तीन वर्षांचे उत्पन्न मांडावे, त्याचे १५ टक्के काढावेत, खर्चाशी ताडून पाहावेत आणि फरक किती तो उभे राहून सांगावा.

ज्या गावात आपल्या पूर्वजांना चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागत होते, त्या गावात त्यांच्या नातवाने गावाचा हिशेब वाचून दाखवावा. परीक्षेत त्याला गुण मिळतील ते मिळतील. पण मग त्याच्या बापाला बी.कॉम. करून काय झाले, असे कोणाला विचारावे लागणार नाही.

जयभीम!